भिंतीची आतली बाजू

कुडाची भिंत एकट्याने घालता येत नाही. ब्रॅमवेल गावात हे कुणाला सांगावं लागत नसे. पण माती काय, कुणीही फेकेल आणि कुठेही चिकटेल, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी सांगून ठेवलेलं बरं. सुतार येतो, ओकाच्या खांबांची आणि तुळयांची चौकट उभी करतो, खुंट्या ठोकतो, शाबासकी घेतो आणि निघून जातो. मग त्या चौकटीच्या रिकाम्या घरांत हेझेलच्या झुडपाच्या लवचिक काठ्या विणून जाळी करायची आणि जाळीवर माती मारायची. ती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मारावी लागते. बाहेरचा गोळा आणि आतला गोळा जाळीच्या भोकांत एकमेकांना भेटले, तिथे गुंतले, तर ती भिंत. एक जरी मागे पुढे झाला, तरी दुसऱ्याच्या पायावर चिखल पडतो.

इडोनी बाहेरून मारायची. तिचा नवरा वॉरिन आतून. "हं!" असं ती ओरडायची आणि दोन्ही गोळे एकदम बसायचे. लांबून ऐकणाऱ्याला एकच आवाज यायचा.

सफकच्या त्या चिकणमातीच्या मुलखात हे जोडपं दोन गोष्टींसाठी ठाऊक होतं, भिंतीसाठी आणि भांडणासाठी. भिंत चढायला लागली की भांडणही चढायचं.

"काल ठेवलेला कांदा कुठे गेला रे?" बाहेरून इडोनी.

"उंदराने नेला."

"उंदीर तुझ्याएवढा होता का?"

"तुझ्याएवढा होता. म्हणून तर मी आडवा गेलो नाही. हं म्हण, माती सुकतेय!"

माती खालून वर जाते. आधी समोरच्याचे गुडघे बुजतात, मग पोट, मग छाती, शेवटी तोंड. गंमत अशी की तोंड दिसेनासं झालं की या दोघांचं बोलणं मोकळं व्हायचं. समोरासमोर ती मुकी असत. संध्याकाळी एका भांड्यातून वाटाण्याची आमटी जेवताना "मीठ?" "आहे" याच्यापुढे गाडी जात नसे. जे काही बोलायचं, विचारायचं, ओरडायचं, ते भिंतीतून.

इडोनीचं लग्नही भिंतीनेच जमवलं होतं. तिचा बाप मातीवाला होता. डोळे गेले तसा त्याला आतल्या बाजूला माणूस हवा होता. मुलीसाठी कुणी जमीन बघतं, कुणी गाईगुरं. या बाबाने रस्त्याने जाणाऱ्या वॉरिनला हाक मारली, एका कोठाराच्या भिंतीला दिवसभर आतून उभं केलं, आणि संध्याकाळी मुलीला म्हणाला, "ठेवून घे याला. याचा हात तुझ्या हाताला धरून येतो." इडोनीने तोवर त्याचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. मग पाहिलं. फार काही पाहण्यासारखं नव्हतं, पण हात खरोखरच धरून येत होता.

त्यानंतरची वर्षं सगळी एकसारखी गेली. माती खणायची, पाणी ओतायचं, शेण आणि पेंढा घालायचा, आणि अनवाणी तुडवत राहायचं. टाचांच्या भेगांत माती जाऊन बसायची ती पुढच्या घराची माती येईपर्यंत. दुसऱ्याचं घर अर्धवट असेतो त्यातच एका कोपऱ्यात झोपायचं. छप्पर गवताने शाकारलेलं असे, भिंती नसत, वारा आरपार जाई. एकेक भिंत पुरी होई तसतसा कोपरा उबदार होत जाई. शेवटची भिंत पुरी झाली आणि घर खरंच राहण्यासारखं झालं, की बाहेर पडायची वेळ येई. इतकी घरं घातली, पण उबेत असं त्यांना कुठल्याच घरात राहता आलं नाही. या गोष्टीचं इडोनीला तरुणपणी हसू यायचं. पन्नाशी उलटल्यावर यायचं थांबलं.

मुलं दोन झाली होती. दोन्ही एकाच उन्हाळ्यात गेली, एका गिरणीच्या भिंती घालताना, तापाच्या साथीत. त्यांना गिरणीच्या गावच्या चर्चमागे पुरलं आणि दोघं परत येऊन कामाला लागली, कारण अर्धी भिंत तशीच उघडी होती. त्याविषयी दोघांत पुढे कधी बोलणं झालं नाही.

ब्रॅमवेलचा शेतकरी रेनल्ड याने नवं घर बांधायला काढलं, तेव्हा ही दोघं अशी थकून तिथे पोचली होती. घर मोठं होतं. मध्ये छपरापर्यंत उघडं दालन, जमिनीवर चूल, धूर आपला वर जाईल तिकडे जाईल. एका अंगाला दूधदुभतं आणि पिंपं ठेवायच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला निजायची खोली आणि वर माळा. आरपार बोळ, त्याच्या दोन तोंडांना समोरासमोर दोन दारं. ओक ओला होता, कालपरवा तोडलेला, करवतीचा वासही गेला नव्हता. खांब मुळाकडचं टोक वर करून उलटे उभे केले होते, कारण बुंधा जाड असतो आणि तुळईला डोकं टेकायला जागा लागते. सुतार मात्र विचारेल त्याला सांगायचा, "झाड उलटं उभं केलं म्हणजे त्याला पुन्हा पालवी फुटायची बुद्धी होत नाही."

अशाच एका उलट्या खांबावर तळवा ठेवून रेनल्डने सर्वांसमक्ष शब्द दिला. त्या भागात खांबावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर घर नांदत नाही, असं म्हणतात.

"सेंट मार्टिनच्या सणाच्या आत सगळ्या भिंती पुऱ्या करा," तो म्हणाला. "तुमच्या दोघांच्या हातच्या. दिव्याच्या परीक्षेला उतरल्या, तर मागचं जुनं स्वयंपाकघर तुमचं. जिवंत असाल तोवर राहा. कोणी उठवणार नाही."

सेंट मार्टिनचा सण म्हणजे नोव्हेंबर. मग गुरं कापतात, मांस खारवतात आणि थंडी दारात येऊन बसते. त्यानंतर ओल्या भिंतीत पाणी गोठलं की माती भुगा होऊन पडते. रेनल्डला घर हवं होतं आणि त्याच्या गावात दुसरा मातीवाला नव्हता. त्याने हिशेबानेच शब्द दिला होता. पण तो माणूस वाईट नव्हता.

त्याची बायको पेट्रोनिला बाजूला उभी होती. तिने त्या जुन्या स्वयंपाकघरावर जवाची दारू गाळण्यासाठी केव्हाच डोळा ठेवला होता. तिने ओठ आवळले.

इडोनी त्या संध्याकाळी मागे जाऊन ते स्वयंपाकघर बघून आली. एकच खोली, पावलांनी मोजावी इतकी. मध्ये चुलीची काळी जागा, कोपऱ्यात मोडका पाट. दार लागत होतं. आतून लागणारं दार. ती दार लावून आत उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. दमलेल्या माणसाला बसायला जागा मिळाली की तो आधी रडतो, तसं.

काम सुरू झालं. सप्टेंबरभर ठीक चाललं. ऑक्टोबरात सेंट ल्यूकच्या सणाच्या सुमारास एके सकाळी इडोनी "हं!" म्हणाली, गोळा मारला, आणि तिला दोन आवाज ऐकू आले. तिचा एक, आणि मागून एक.

"झोपलास का रे?" ती ओरडली.

"तूच घाई केलीस."

तिने घाई केली नव्हती. तिने पुन्हा मारला, पुन्हा दोन आवाज. तिसऱ्या वेळी तिने मुद्दाम जरा थांबून मारला, आणि आवाज एक झाला. मग ती रोज थांबून मारू लागली. जोरही कमी केला, कारण आतून येणारा मार हलका झाला होता. तिने जोराने मारलं की आतली माती सुटून खाली पडल्याचा आवाज येई, आणि मागोमाग वॉरिन ती गुपचूप गोळा करत असल्याचा.

संध्याकाळी जेवताना तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मातीवाल्याचे हात संध्याकाळी कसे असतात हे तिला सांगायला नको. त्याचा डावा हात कोपरापर्यंत मातीने माखलेला होता. उजवा स्वच्छ होता, चर्चमध्ये निघालेल्या माणसासारखा. तो त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता.

"मीठ?" ती म्हणाली.

"आहे."

तिला विचारता आलं असतं. पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकलं तर काम थांबलं असतं. ती आमटी पीत राहिली.

पेट्रोनिलाच्या नजरेतून काही सुटत नसे. ती दुधाची बादली घेऊन बोळातून जाता जाता म्हणाली, "काय गं, तुझा म्हातारा आत भिंत घालतोय की भिंतीला कुरवाळतोय?"

"मालकीणबाई, जुनी भांडी हळूच घासावी लागतात."

"हळूच घासून डाग जात नाहीत. माझ्या मावसभावाच्या गावात दोघं भाऊ आहेत, चांगले धट्टेकट्टे. बोलावू का?"

"मग शब्द कोणाला दिलाय? भिंती आमच्या दोघांच्या हातच्या हव्यात ना?"

"तेच म्हणते मी," पेट्रोनिला म्हणाली आणि गेली.

सगळ्या संतांच्या दिवसानंतर, नोव्हेंबर लागताच, पाऊस लागला. वाऱ्याने तो गवताच्या छपराखाली तिरका घुसला. तो ओसरला त्या सकाळी दालनाच्या खिडकीशेजारची मोठी भिंत आतल्या अंगाला बसली. आवाज असा झाला की कोंबड्या बोळातून बाहेर पळाल्या. रेनल्ड धावत आला. मातीच्या ढिगाकडे पाहिलं, उघड्या जाळीकडे पाहिलं. ओरडला नाही, हेच वाईट होतं.

"सण आठवड्यावर आलाय," तो म्हणाला. "ही पुन्हा घाला आणि उरलेल्या घाला. पण मी आता प्रत्येक भिंतीला खांदा लावून बघणार. हलली, तर शब्द सुटला. मग मला बोल लावू नका."

तो गेला. जाळी उघडी पडली होती. या बाजूला इडोनी, त्या बाजूला वॉरिन, तोंडासमोर तोंड. अशा वेळी त्यांना बोलणं जमत नसे. पण भिंत वर येण्याची वाट पाहायला आज सवड नव्हती.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

वॉरिनने डाव्या हाताने उजवा उचलला आणि जाळीवर ठेवला. बोटं भोकातून तिच्या बाजूला आली आणि तशीच लोंबत राहिली. तिने ती धरली. गार होती.

"कधीपासून?"

"एके सकाळी मी उठलो. हा उठलाच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला ठाऊक होतं की. थांबून मारत होतीस, मला काय कळत नाही?"

इडोनीला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. "ठाऊक असणं वेगळं आणि सांगणं वेगळं! आता काय करायचं, सांग. अर्ध्या माणसाने कुठे भिंत होते? जाऊ दे ते स्वयंपाकघर. नशिबातच नाही. पुन्हा कुणाच्या तरी गोठ्यात पडू."

"गोठ्यात हिवाळा निघणार नाही माझा," वॉरिन म्हणाला. सहज म्हणाला, पाऊस येईल म्हणावं तसं. "आणि माझ्यानंतर तुझाही निघणार नाही."

तिने त्याची गार बोटं सोडली नाहीत.

"हात गेलाय, पाठ आहे," तो म्हणाला. "मी डाव्या हाताने आतून माती थापतो. मग पाठ लावून उभा राहतो. तू बाहेरून मार, होती तेवढ्या जोराने. माती मागे जाणार नाही."

"ओल्या मातीला पाठ? या थंडीत?"

"अंगरखा आहे की."

"एकच आहे."

"मग एकच भिजेल. इतकी वर्षं तू माझ्या पाठीवर बसली आहेस, मोडली का? चल, माती मळ."

तसं काम सुरू झालं. वॉरिन आत माती थापायचा, वळायचा, खांदे त्या मातीला लावायचा, टाचा जमिनीत रोवायचा आणि म्हणायचा, "मार." इडोनी मारायची. प्रत्येक मार त्याच्या पाठीत बसायचा आणि तो हुंकार द्यायचा, तो तिला ऐकू यायचा. आता "हं" तो म्हणत होता. माती गच्च बसत होती. तिला हाताला कळत होतं की अशी भिंत दोघांनी तरुणपणीही घातली नव्हती, आणि तो पलीकडे काकडतोय हेही तिला त्याच मातीतून कळत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याला खोकला लागला.

"थांबूया," ती बाहेरून म्हणाली.

"मार."

"अरे, छातीत गेलंय ते तुझ्या. मला ऐकू येतंय."

"तुला सगळंच ऐकू येतं, फक्त कामाचं सोडून. मार!"

तिने मारला. ती रडत होती, पण तिच्या आणि त्याच्या मध्ये आता छातीपर्यंत भिंत आली होती आणि त्याची पाठ तिच्याकडे होती. भिंतीचा तेवढा एक फायदा. घर हवं होतं तिला, त्या आतून लागणाऱ्या दारासकट हवं होतं, आणि त्या दारापायी ती आपल्या नवऱ्याला ओल्या मातीत उभा करून मारत होती. हे तिला कळत होतं. तरी ती मारत होती, कारण थांबली असती तर त्याचं इतकं भिजणं फुकट गेलं असतं.

सणाच्या आदल्या दिवशी, उजेड उतरताना शेवटचा कोपरा बुजला. दिवेलागणीला परीक्षा झाली. घरच्या बाईने चरबीत भिजवलेल्या लव्हाळ्याची वात पेटवून आतून भिंतींच्या कडेकडेने फिरायचं, आणि शेजाऱ्यांनी बाहेरून फट दिसते का बघायची, अशी रीत. पेट्रोनिला सावकाश फिरली. कोपरे तिने दोनदा पाहिले. बाहेर अंधारात उभ्या असलेल्यांना उजेडाचा कणही दिसला नाही.

मग रेनल्ड आत आला आणि एकेका भिंतीला खांदा लावू लागला. नव्या भिंतींशी आल्यावर पेट्रोनिलाने वात वर धरली. "हे बघा. भिंत पोटात गेलीय. इथेही, आणि पुढेही."

खरंच गेली होती. माणसाच्या रुंदीचा खळगा, वर दोन खांदे, मध्ये कण्याची उभी रेघ. वरून सारखं करायला वेळच उरला नव्हता. रेनल्डने खांदा लावायला म्हणून पाठ फिरवली, टेकला, आणि त्याची पाठ त्या खळग्यात अलगद बसली. त्याने टाचा रोवून मागे जोर दिला. भिंत हलली नाही. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. समोर वॉरिन भिजल्या अंगरख्यात चुलीशी बसून खोकत होता. रेनल्डने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे पाहिलं.

"भिंत पक्की आहे," तो म्हणाला. "शब्द दिला तो दिला."

"आणि हे खळगे?" पेट्रोनिला म्हणाली.

"वसंतात लिंपून देईल ती."

अशी ती दोघं त्यांच्या घरात आली. कधी नव्हे ते स्वतःचं दार. पहिल्या रात्री वॉरिनने पडल्या पडल्या भिंत चाचपून पाहिली आणि म्हणाला, "कुणी घातलीय कोण जाणे. आतला माणूस चांगला होता. बाहेरची बाई नुसती बडबडत असणार." इडोनी हसली. पुढे मात्र बोलणं सरकेना. चुलीच्या या अंगाला ती, त्या अंगाला तो, मध्ये भिंत नाही. "मीठ?" "आहे." आयुष्यभर ज्या घरासाठी झुरलो त्यात बसून एकमेकांशी काय बोलायचं, हे दोघांनाही येत नव्हतं.

मग एकदा ती बाहेर लाकडं फोडत असताना आतून आवाज आला, "एवढंसं लाकूड फोडायला एवढा वेळ? तुझ्या बापाचे डोळे गेले होते, तुझे हातही गेले का?"

तिने कुऱ्हाड खाली ठेवली. "हात गेलेल्याने तरी बोलू नये!"

त्या दिवसापासून तिला बाहेर काही ना काही काम निघू लागलं. थंडी मरणाची, तरी ती भिंतीला टेकून उभी राहायची, आणि आतून तो अंथरुणावरून भिंतीकडे तोंड करून बोलायचा. पेट्रोनिला हे येता जाता बघायची. एकदा ती गरम दुधाचं भांडं इडोनीच्या हातात देऊन म्हणाली, "आत बसून भांडता येत नाही का तुम्हाला? गावाला वाटायचं आम्ही तुला घराबाहेर काढलंय."

खोकला वाढत गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मेणबत्त्यांचा सण झाल्यावर, एका सकाळी तो आतून म्हणाला, "ती गिरणीची भिंत आठवते?"

इडोनी लाकडं रचत होती. हात थांबला. "आठवते."

"धाकटीने ओल्या मातीत हात उमटवला होता. खाली, तिला पुरेल तिथे. आजारी पडली त्याच्या आदल्या दिवशी."

तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"आपण पुरून परत आलो, तोवर भिंत वाळली होती. लिंपणाचा वरचा थर द्यायचा होता. आधी खरवडायला पाहिजे, नाहीतर वरचं लिंपण धरत नाही. मी नाही खरवडलं. तसंच वरून लिंपलं. तिचा हात आत आहे अजून."

इडोनीने कपाळ भिंतीला लावलं. "म्हणून तो गिरणीवाला पुढच्या वर्षी बोंबलत होता. खालचा पापुद्रा सुटला म्हणून. आणि मी त्याला चारचौघांत खोटं पाडलं. म्हटलं, माझा माणूस खरवडल्याशिवाय लिंपत नाही!"

आतून हसल्यासारखा आवाज आला. मग खोकला. मग काही नाही.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस रे?" ती म्हणाली.

ती थांबली. "कांदा कुठे गेला असं नाही विचारलं मी. ऐकतोयस ना?"

पुन्हा थांबली. मग तिने उरलेली लाकडं रचली, एकेक करून, नीट. हात झटकले. आणि मग आत गेली.

एप्रिलात पेट्रोनिलाने तिला बोलावलं. पाव्हणे यायचे होते, भिंतींना चुना द्यायचा होता, खळगे बुजवायला हवे होते. इडोनीने मोठ्या घराच्या अंगणात एकटीनेच माती मळली. वाळलेल्या भिंतीवर लिंपायला पलीकडे माणूस लागत नाही. ती दालनात आली आणि खिडकीशेजारच्या खळग्यासमोर उभी राहिली. हात लावला. खांद्यापाशी अंगरख्याच्या जाड विणीचे ठसेसुद्धा उमटले होते.

"खरवडून घे नीट," पेट्रोनिला मागून म्हणाली. "नाहीतर दोन वर्षांत सुटून पडेल."

"मला शिकवू नका, मालकीणबाई."

पेट्रोनिलाने पाहिलं. हातातलं खरवडायचं पातं इडोनीने खिडकीत ठेवून दिलं होतं. पेट्रोनिला काहीतरी बोलणार होती. मग तिने बादली उचलली आणि ती बोळातून बाहेर गेली.

इडोनीने खळग्यावर पाणी शिंपडलं. मातीचा गोळा घेतला. सवयीने "हं!" म्हणाली, आणि सवयीनेच क्षणभर थांबली.

मग मारला. आवाज एकच आला.